फलाटावरची किल्ली

माझी आत्या कवळ्या करते. शहरातल्या दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल तिचं. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे येतात, त्यांचे प्लास्टरचे साचे होतात, आणि मग गुलाबी मेणाच्या पट्टीवर आत्या एकेक दात बसवते. सगळे दात अगदी सरळ रांगेत बसवले तर माणूस हसताना जाहिरातीतला वाटतो, असं तिचं म्हणणं. म्हणून ती पुढचा एखादा दात जरासा तिरका ठेवते. लॅबचे मालक सुरुवातीला ओरडले, नंतर त्यांनीच आपल्या सासऱ्यांची कवळी तिच्याकडून करून घेतली. असं हे बारीक, शांत डोक्याचं काम दिवसभर करणारी बाई संध्याकाळी स्टेशनवर पोचली, की दातओठ खायला लागायची.

त्याला कारण आमची रेल्वे. आमची म्हणजे आत्याच्या गावाची. शहरातून निघालेली ही फाट्यावरची लाईन आत्याच्या गावाशी संपते. रूळ एकेरी, गाडीही एकच, तीही दोन डब्यांची. तीच जाते आणि तीच परत येते. एकच गाडी, समोरून दुसरी येण्याची भीती नाही, मध्ये एकच मोठं स्टेशन, तरी ती वेळेवर आली असं मी कधी ऐकलेलं नाही. कधी ड्रायव्हर आलेला नसतो, कधी डबा धुवायला गेलेला असतो, आणि बाकी सगळ्याला ‘तांत्रिक कारण’ आहेच. फलाटावर मोठा पडदा बसवलाय. त्यावर गाडी कधी येणार ते सोडून सगळं दिसतं. मी दोनदा तक्रार केली, तर आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे असं उत्तर आलं. मी सूचना केलीच नव्हती, मी शिव्या घातल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, गाडी उशिरा आली तर एवढं काय बिघडतं? बिघडत होतं, कारण घरी अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे आणि माझ्या बाबांचे वडील. उभा जन्म त्यांनी शर्ट शिवले. गेली काही वर्षं त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग आम्ही नातवंडं. आत्या होती अजून. म्हणजे बहुतेक वेळा होती.

माझ्या बाबांचं मत पहिल्यापासून ठाम होतं. शहरात, आत्याच्या लॅबच्या मागच्याच गल्लीत, अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथे अण्णांना ठेवावं. आत्या ऐकेना. शेवटी भावाबहिणीत ठरलं, की जमेल तोवर अण्णा घरी राहतील. पण एकदा जरी काही अवचित झालं, तर आत्याने वाद न घालता ऐकायचं. आत्याने हो म्हटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

दिवसा अण्णांना सांभाळायला एक बाई यायच्या. त्या मधल्या स्टेशनाजवळ राहायच्या. पानातलं संपवल्याशिवाय उठू देत नाहीत म्हणून अण्णांनी त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं होतं, आणि मग तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. सकाळी मास्तरीणबाई ज्या गाडीतून उतरायच्या, त्याच गाडीत आत्या चढायची. संध्याकाळी उलट. या चढण्या-उतरण्याच्या मधल्या वेळात फलाटावर किल्ली हातात द्यायची. “जेवले,” “चिडले होते जरा,” “औषध घेतलं,” एवढं बोलणं व्हायचं आणि गाडी हलायची. या दोघी एकमेकींना आयुष्यात जेवढ्या भेटल्या तेवढ्या फलाटावरच.

म्हणजे घराला कुलूप लावून मास्तरीणबाई निघाल्यापासून आत्या पोचेपर्यंत अण्णा एकटे. जाण्यायेण्याचा वेळ, त्याहून जास्त नाही, पण गाडीवर विश्वास कोण ठेवणार? त्यावर या दोघींनी तोड काढली होती. गाडीने मधलं स्टेशन सोडलं की गावातल्या रेल्वे फाटकाची घंटा वाजायला लागते, गाडी येईपर्यंत थांबत नाही, आणि ती घरात ऐकू येते. घंटा वाजल्याशिवाय मास्तरीणबाईंनी निघायचं नाही. घंटा वाजली की अण्णांच्या हातात बिस्किट द्यायचं, रेडिओ लावायचा, कुलूप घालायचं आणि चालू लागायचं. रेल्वेच्या पडद्यापेक्षा, घोषणांपेक्षा ती घंटा खरी होती.

किल्ली एकच कशी, हे मीही विचारलं होतं. किल्ल्या दोन होत्या. एक अण्णांनी कुठेतरी ठेवली, म्हणजे ती गेलीच. आता दुसरी करून घ्यायची तर दिवसभर किल्ली मास्तरीणबाईंकडे, आणि त्यांना अण्णांना सोडून बाजारात जाता येत नव्हतं. संध्याकाळी ती आत्याकडे यायची, तोवर किल्लीवाला दुकान बंद करून गेलेला असायचा. गाडी वेळेवर आली असती तर तो सापडला असता. सुट्टीच्या दिवशी त्यालाही सुट्टी. “करू गं,” असं आत्या म्हणायची, आणि राहून जायचं. आपल्या सगळ्यांचंच राहून जातं. फक्त प्रत्येकाच्या घरात अण्णा नसतात.

ज्या दिवसाचं मी सांगतेय त्या दिवशी गाडीने मधलं स्टेशन सोडलं आणि थोडं पुढे जाऊन ती बंद पडली. डब्यातले दिवे गेले, पंखे थांबले. लोकांनी सवयीने सुस्कारे सोडले. आत्याने सवयीने मास्तरीणबाईंना फोन लावला, पण तिथे रूळ दोन टेकड्यांच्या मधून जातात आणि फोनला रेंज धड मिळत नाही. मग तिने रेल्वेच्या चौकशीचा नंबर लावला, तो मात्र लागला. आपण रांगेत आहात, असं सांगून त्यांनी गाणं लावलं. आत्या ते गाणं ऐकत बसली. ऐकता ऐकता तिला आठवलं, की सकाळी घाईघाईत आपण लॅबच्या कोटावर इस्त्री फिरवली आणि ती इस्त्री टेबलावर तशीच राहिली.

अण्णा शिंपी. इस्त्री दिसली की त्यांचा हात तिच्याकडे जायचाच. बाकी सगळं विसरले होते, पण इस्त्री कशी तापवायची ते विसरले नव्हते, आणि ती कुठे टेकवायची नसते ते मात्र विसरले होते. म्हणून इस्त्री कायम कपाटावर, हात पोचणार नाही अशी ठेवलेली असायची. मास्तरीणबाईंनी बघितली असेल का? बघितली असेल, त्या काही साध्या बाई नाहीत. आणि नसेल बघितली तर? तोवर चौकशीचं ते गाणं ऐकून ऐकून तिच्या फोनची बॅटरी संपली. शेवटपर्यंत कुणी बोललं नाही.

इकडे गावात घंटा वाजली होती. मास्तरीणबाईंनी अण्णांना बिस्किट दिलं, रेडिओ लावला, कुलूप घातलं आणि त्या स्टेशनवर येऊन बसल्या. गाडी येईना आणि घंटा थांबेना. तिकिटाच्या खिडकीत बसणारा माणूस हाच त्या स्टेशनचा सगळा कर्मचारीवर्ग. त्याला त्यांनी विचारलं.

“येतेय, येतेय,” तो म्हणाला. “घंटा वाजतेय ना?”

बऱ्याच वेळाने तो खिडकीतून बाहेर आला. गाडी बंद पडली होती, शहरातून इंजिन आणून तिला मागे मधल्या स्टेशनवर ओढत नेलं होतं आणि माणसांना तिथे उतरवलं होतं. आता इकडून एक बस तिकडे जाणार होती.

“आणि तिकडची माणसं इकडे कशी येणार?” मास्तरीणबाईंनी विचारलं. बघा, बरोबर तेच विचारलं.

“याच बसने. ही जाणार, त्यांना घेऊन येणार.”

“तिकडून दुसरी बस नाही ना सुटलेली?”

“अहो, एकच बस आहे म्हणतोय ना मी. तुम्हाला घरी जायचं असेल तर आत्ताच बसा. माणसं आणून सोडली की ड्रायव्हरची ड्यूटी संपते. मग आज काही नाही.”

मास्तरीणबाईंनी आत्याला फोन लावला, तो बंद. त्यांनी डोकं चालवलं. आपण या बसने जायचं, तिथे ताई भेटतील, त्यांना किल्ली द्यायची, त्या याच बसने परत येतील. इथे बसून राहिलो तर किल्लीही तेवढ्याच वेळात पोचेल, पण आपण मात्र अडकू. घरी सून आजारी होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही चढले असते. रोज फलाटावर समोरासमोर उभं राहायची सवय झालेल्या माणसाला दोघी चुकामूक होऊन दोन दिशांना जाऊ शकतात, हे सुचतच नाही.

दुसरी बस होती. शहराच्या बाजूच्या साहेबाने पाठवली होती, आणि इकडच्या खिडकीवाल्याला कुणी कळवलं नव्हतं. त्या बसमध्ये आत्या पुढच्याच सीटवर बसली होती. वाटेत समोरून दिवे लावलेली एक जवळजवळ रिकामी बस गेली. आत्याने ती बघितली आणि मनात म्हटलं, आता कशाला रिकामी पाठवताहेत? तिचं लक्ष इस्त्रीत होतं. शेजारच्या माणसाने आपणहून फोन पुढे केला होता, “घरी कळवायचं असेल तर कळवा.” आत्याने तो हातात घेतला आणि तशीच बसली. मास्तरीणबाईंचा नंबर तिला पाठ नव्हता. शेजाऱ्यांचाही नव्हता. तोंडपाठ एकच नंबर होता, माझ्या बाबांचा, आणि तोच तिला लावायचा नव्हता. तिने फोन परत दिला.

स्टेशनवर उतरून ती बाकाकडे धावली. बाक रिकामं.

“मास्तरीणबाई?” खिडकीवाला म्हणाला. “त्या गेल्या ना बसने. तुम्हालाच भेटायला गेल्या.”

“आणि किल्ली?”

“कसली किल्ली?”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी तिने त्याला तिथेच सोलून काढला असता, पण भांडायलाही वेळ लागतो. ती पळत सुटली. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला पिशवी, पायात आवाज करणारे सँडल. वाटभर ती वर बघत होती, की घराच्या बाजूला धूर दिसतोय का. फाटकाची घंटा अजून वाजतच होती.

घर दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप जसंच्या तसं. आतून रेडिओचा आवाज येत नव्हता. तिने फटीला नाक लावलं. जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास भरला होता, त्यात जळकं काही आहे की नाही ते कळेना.

“अण्णा! अण्णा, ऐकू येतंय का?”

तिने दार वाजवलं. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर बाहेर आले, आत्याने किल्ली आणि इस्त्री एवढं सांगितलं आणि पुढचं काही न विचारता ते हातोडी घेऊन आले. पहिला घाव कुलपावर पडला आणि आतून अण्णांची किंकाळी आली.

“चोर! चोर आलेत! अगं, कुणी आहे का?”

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आत्याने शेजाऱ्यांचा हात धरला. “नको, काका, थांबा. घाबरून पडतील ते.”

“पण इस्त्री म्हणालात ना तुम्ही?”

“थांबा, मी विचारते.” तिने आवाज शक्य तेवढा साधा केला. “अण्णा, इस्त्री कुठाय हो?”

आत पावलं सरकली. मग दाराच्या अगदी जवळून अण्णांचा तक्रारीचा सूर आला. “इस्त्री त्या मास्तरीणबाईंनी कपाटावर ठेवलीय. मला हात लावू देत नाहीत. माझीच इस्त्री आणि मलाच बंदी!”

आत्या जिन्यातच खाली बसली. हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. शेजारी किल्लीवाल्याचं घर शोधायला निघून गेले. खालच्या दिव्याचा थोडा उजेड जिन्यात येत होता. तिने दाराला पाठ टेकली. पलीकडे अण्णांचा श्वास ऐकू येत होता, इतके ते जवळ उभे होते.

“अण्णा, मी आलेय. कुलपाची किल्ली राहिलीय, ती आली की उघडते हं.”

“कोण?”

“मी.”

“घरात कुणी नाहीये,” अण्णा शहाण्या माणसासारखे म्हणाले. “माझी मुलगी कामावरून यायचीय. ती आली की या.”

“अण्णा, मीच आहे. आवाज ओळखा ना.”

“बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही. उगाच त्रास देऊ नका.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुम्ही स्टेशनकडून आलात का?”

“हो.”

“गाडी आली का हो?”

“आली,” आत्या म्हणाली. सवयीने ते तोंडातून निघून गेलं.

“आली?” अण्णांचा आवाज बदलला. “गाडी आली? मग ती कशी नाही आली? माणसं उतरली ना सगळी? निळी साडी… नाही, पिशवी असते तिच्याकडे. तुम्ही बघितली का तिला? पडली की काय कुठे? अहो, दार उघडा. मला जायचंय. मला बघू दे. दार उघडा!”

ते दार ओढायला लागले. कडी-कुलूप खडखडत होतं. आत्या उठून उभी राहिली, दोन्ही हात दारावर ठेवले. “अण्णा, मी इथेच आहे, अण्णा, बघा, मी…” पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. आत ते जेवढं ओढत होते तेवढी त्यांना धाप लागत होती. अण्णांचं हृदय अधू, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

तेव्हा आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, “नाही हो, आजोबा. माझं चुकलं. ती दुसरी गाडी होती. तुमच्या मुलीची गाडी अजून आलेली नाही. लेट आहे.”

खडखड थांबली.

“लेट आहे?”

“हो. रोजच असते ना?”

“हां, असते, असते.” अण्णांनी मोठा श्वास सोडला. “मेली कधी वेळेवर येत नाही. मग ठीक. मग येईल ती.”

“येईल.”

“मी इथेच उभा आहे. ती आली की आधी मी दिसलो पाहिजे तिला, नाहीतर घाबरते.”

इतकी वर्षं जिला आत्याने शिव्या दिल्या, तक्रारी केल्या, जिच्यापायी जीव मुठीत धरून रोजच्या संध्याकाळी काढल्या, त्या गाडीचा उशीर आज तिला स्वतःच्या तोंडाने सांगावा लागला, आणि त्यानेच अण्णा शांत झाले. त्यांना तिने परत परत सांगितलं. थोडा उशीर आहे. अजून थोडा आहे. अधूनमधून अण्णा विचारायचे आणि ती सांगायची.

मास्तरीणबाई कुणाच्या तरी टेम्पोत बसून परत आल्या. मधल्या स्टेशनवर पोचल्यावर त्यांना कळलं होतं की ताई मघाशीच दुसऱ्या बसने गेल्या. सून-बिन सगळं विसरून त्या तशाच उलट्या फिरल्या होत्या. त्यांनी किल्ली लावली. दार उघडलं, तर अण्णा दारातच उभे. खुर्ची आडवी पडलेली, हातात बिस्किट तसंच. त्यांनी आत्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चाचपलं.

“आलीस?” ते म्हणाले. “एक बाई होत्या इथे बाहेर. भल्या होत्या. गाडी लेट आहे म्हणून सांगत होत्या.”

त्यांना जेवायला घालून निजवल्यावर मास्तरीणबाई आत्याला म्हणाल्या, “ताई, दादांना काही सांगायचं नाही. काही झालेलं नाही. माणूस धडधाकट आहे, घर जागेवर आहे.”

“रोज असेच उभे असतात का हो ते दाराशी?”

मास्तरीणबाईंनी आडवी पडलेली खुर्ची सरळ केली. “मी कुलूप घातलं की लगेच येतात. पावलं ऐकू येतात मला जिन्यात. सांगितलं नाही तुम्हाला. काय करणार होतात तुम्ही?”

आत्याने फोन चार्जिंगला लावला आणि बाबांना फोन केला. मी तेव्हा बाबांच्या शेजारीच बसले होते, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“दादा, त्या केंद्रात जागा आहे का विचार.”

“काय झालं? अण्णा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. काही झालं नाही.”

“मग असं एकदम…?”

“विचार तू,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

अण्णा आता लॅबच्या मागच्या गल्लीत असतात. जेवणाच्या सुट्टीत आत्या त्यांच्याकडे जाते, डबा तिथेच खाते. कधी ओळखतात, कधी नाही. सगळे तिला सांगतात की योग्यच झालं, आणि ती मान डोलावते. मास्तरीणबाईंनी दुसरीकडे काम धरलं. किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली अजूनही झालेली नाही, आता लागतही नाही.

परवा मी तिच्याबरोबर त्या गाडीने चालले होते. टेकड्यांच्या मधे गाडी थांबली. कुणी काही सांगेना, दिवे गेले, पंखे गेले. लोक घड्याळं बघायला लागले. माझं डोकं तापलं. मी फोन काढला, चौकशीचा नंबर लावला आणि तेच ते गाणं सुरू झालं. “आज यांना सोडणार नाही मी,” असं म्हणत मी उठले, तर आत्याने माझा हात धरून मला खाली बसवलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “थांबली तर थांबली. घरी कोण वाट बघतंय?”